नाताळची कँडी घरी करताना पाक कुठे बिघडतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाताळच्या भेटीसाठी वीस छोटे डबे भरायचे आहेत. त्यात फज (दूध, साखर आणि कोकोची मऊ वडी), कॅरॅमल, टॉफी आणि पेपरमिंटच्या कडक गोळ्या, सगळं घरी केलेलं हवं. गेल्या वर्षी हेच चार प्रकार केले तेव्हा फज रवाळ झालं, कॅरॅमल चावता येईना इतकं कडक झालं, टॉफीतून तूप सुटलं आणि गोळ्या दोन दिवसांत एकमेकींना चिकटल्या. प्रमाणं तंतोतंत पाळली होती. मग चुकलं काय, आणि यंदा किती आधी सुरुवात करायची?

प्रमाणं बरोबर होती यावर माझा विश्वास आहे. कँडीत वजनं चुकून बिघडतं असं फार कमी वेळा होतं. गॅस बंद केला त्या क्षणी पाकात किती पाणी उरलं होतं आणि निवताना त्या पाकाला कोणी डिवचलं का, या दोन गोष्टींवर बहुतेक सगळं ठरतं. तुमच्या चार तक्रारींपैकी कॅरॅमलची पहिल्या कारणातली आहे, फजची दुसऱ्या. टॉफीचं दुखणं थोडं वेगळं आहे, तिथे लोणी आणि पाक यांची फारकत होते. गोळ्यांच्या बाबतीत हवेचा मोठा हात असतो. तुमचं गाव समुद्रसपाटीपासून किती उंच, हवा किती दमट, पातेलं कसलं, तापमापक किती खरा, यावर उत्तर बदलतं, म्हणून आकड्यांबरोबर कारणंही सांगते. कारण कळलं की आपल्या स्वयंपाकघराप्रमाणे आकडा जुळवून घेता येतो.

आधी पाण्याचं. पाक उकळतो तसं त्यातलं पाणी वाफ होऊन जातं, पाक दाट होतो, आणि दाट पाकाला उकळायला जास्त तापमान लागतं. म्हणजे तापमापक आपल्याला पाकात पाणी किती उरलंय तेच सांगत असतो. ११५ अंश सेल्सिअसला पाकात सुमारे १५ टक्के पाणी असतं, १२० ला सुमारे १३ टक्के, आणि १५० ला जेमतेम एक-दोन टक्के. फज ११३ ते ११५ ला उतरवायचं, कॅरॅमल ११८ ते १२० ला, टॉफी १४९ ला, कडक गोळ्या १५० ते १५२ ला. फज आणि कॅरॅमलमध्ये चार-पाच अंशांचंच अंतर आहे बघा. कॅरॅमल ११८ ला उतरवलं तर मऊ, १२० ला घट्ट पण चावता येण्यासारखं, आणि १२५ गाठलं की तुमच्या गेल्या वर्षीच्यासारखं. तेव्हा तापमापक पाच अंश कमी दाखवत असला, तर कृती अक्षरशः पाळूनही कॅरॅमल दगड होणारच.

म्हणून पहिलं काम, तेही दर वेळी कँडीला बसण्याआधी: पातेल्यात पाणी खळखळ उकळवा, तापमापकाचं टोक बुडाला न टेकवता त्यात पाच मिनिटं धरा आणि आकडा लिहून ठेवा. १०० आला तर प्रश्नच नाही. ९७ आला तर कृतीतल्या प्रत्येक तापमानातून ३ वजा करा, म्हणजे कॅरॅमल ११९ ऐवजी ११६ ला उतरवा. १०२ आला तर २ मिळवा. आकडा कमी येण्याचं कारण तापमापकाचा दोष असो की तुमच्या ठिकाणाची उंची (दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने खाली येतो), हिशोब एकच. कारण शोधत बसण्याची गरज नाही.

तापमापक कोणता, तर टोक पाकात बुडणारा, मग तो काचेचा असो की डिजिटल. लांबून नेम धरून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड प्रकार पाकासाठी भरवशाचा नाही, तो फक्त पृष्ठभाग वाचतो आणि वर फेस-वाफ असली की भलताच आकडा देतो. टोक पाकात किमान दोन-तीन सेंटिमीटर बुडलेलं हवं. रुंद पातेल्यात थोडासाच पाक असेल तर पातेलं जरा कलतं करून वाचा. आणि साक्षीला थंड पाण्याची वाटी जवळ असू द्या. थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळा करायचा: मऊ गोळी होऊन बोटांत चपटी होत असेल तर तो फजचा पाक, गोळी घट्ट राहून दाबल्यावरच दबत असेल तर कॅरॅमलचा, आणि थेंब काचेसारखा कटकन मोडत असेल तर गोळ्यांचा. यंत्र आणि बोटं यांच्यात मतभेद झाला तर मी बोटांचं ऐकते.

तापमान सारख्या वेगाने चढत नाही, हेही ध्यानात असू द्या. १०३ ते ११० च्या दरम्यान आकडा अडून बसल्यासारखा वाटतो, कारण तिथे भरपूर पाणी उडायचं असतं. लोक कंटाळून आच वाढवतात. मग १३५-१४० नंतर पाणी जवळजवळ संपलेलं असतं आणि आकडा भराभर पळतो. सुरुवातीला मध्यम आच चालेल, पण लक्ष्याच्या आधी आठ-दहा अंशांवर ती कमी करा. जाड बुडाच्या पातेल्यात गॅस बंद केल्यावरही एक-दोन अंश चढतात, ते धरूनच उतरवा. पातेलं मालाच्या चौपट मोठं घ्या, दूध-क्रीमचा पाक उतू जायला क्षण पुरतो.

आता दुसरी बाजू, साखरेचे कण. दाट पाकात साखर नाइलाजाने विरघळून राहिलेली असते, संधी मिळाली की तिला परत कण व्हायचं असतं. पातेल्याच्या कडेला चिकटलेला एक न विरघळलेला दाणा आत पडला, किंवा गरम पाक ढवळला, की त्या कणाभोवती बाकीची साखर जमत जाते. हे टाळायचे तीन उपाय आहेत. साखर पूर्ण विरघळेपर्यंत उकळी येऊ द्यायची नाही. उकळी आली की झाकण ठेवून दोन मिनिटं वाफेने कडा धुऊन घ्यायच्या, किंवा ओल्या ब्रशने पुसायच्या. आणि साखरेच्या जोडीला लिक्विड ग्लुकोज किंवा कॉर्न सिरप (दोन्ही स्टार्चपासून केलेले दाट गोड पाक) घालायचं. त्यातले लांब रेणू साखरेच्या रेणूंना एकत्र येऊ देत नाहीत.

लिंबाचा रस किंवा क्रीम ऑफ टार्टरही हेच काम करतं, पण वेगळ्या मार्गाने. आम्लामुळे उकळताना साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये तुटतो आणि ही मिश्र साखर सहजासहजी कण धरत नाही. गोम अशी की फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेतं. तुमच्या गोळ्यांच्या कृतीत लिंबू होतं असं तुम्ही लिहिलंय. ते चमचाभर जास्त पडलं किंवा पाक मंद आचेवर फार वेळ रेंगाळला, तर गोळ्या चिकट होणं ठरलेलंच. कडक गोळ्यांसाठी मी लिक्विड ग्लुकोजच वापरते, आणि आंबट चव हवी असेल तर सायट्रिक ॲसिड पाक उतरवल्यानंतर घालते.

इथपर्यंतचं एका दमात: तापमापक तपासा, शेवटचे दहा अंश मंद आचेवर, कडा स्वच्छ, जोडीला ग्लुकोज. आता एकेक प्रकार घेऊ.

फज सगळ्यात नाजूक, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवते. फजमध्ये साखरेचे कण हवेतच, पण जिभेला जाणवणार नाहीत इतके बारीक. पाक गरम असताना ढवळला तर थोडेच कण तयार होतात आणि ते मोठे होत जातात, तेच रवाळ फज. पाक न हलवता निववून मग घोटला, तर एकाच वेळी असंख्य कण धरतात आणि एकालाही मोठं व्हायला साखर उरत नाही.

प्रमाण: साखर ४०० ग्रॅम, साईसकट दूध १८० मिली, कोको ४० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज २० ग्रॅम, चिमूटभर मीठ. शेवटी घालायला लोणी ४० ग्रॅम आणि व्हॅनिला एक छोटा चमचा. कोको आणि साखर कोरडीच एकत्र करा म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. दूध घालून मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत ढवळा. दोन बोटांत थेंब चोळून खर लागत नाही ना ते पाहा. मग उकळी आणा, कडा धुऊन घ्या आणि ११४ अंशांपर्यंत शिजवा. दूध बुडाला लागू नये म्हणून अधूनमधून उलथनं बुडावरून हलकेच फिरवलं तर चालतं, पण पाक कडांवर उडवायचा नाही. उतरवल्यावर लोणी आणि व्हॅनिला वर ठेवा, आणि हात आवरा. ढवळायचं नाही, पातेलं हलवायचं नाही, तापमापक काढून परत खुपसायचा नाही. तो आतच राहू द्या. ४५ अंशांवर यायला पाऊण-एक तास लागतो. बहुतेक जण ६०-६५ लाच घोटायला घेतात, कारण पातेलं हाताला कोमट लागतं. गेल्या वर्षी तुमचंही हेच झालं असावं.

४५ अंशांना लाकडी उलथन्याने घोटायला लागा. आधी पाक चकाकतो आणि तारेसारखा ओघळतो. पाच ते पंधरा मिनिटांत तो जड होतो, रंग किंचित फिका पडतो आणि चकाकी जाते. चकाकी गेली की क्षणभरही न थांबता लोणी लावलेल्या साच्यात ओता. उशीर झाला तर ते पातेल्यातच बसतं, आणि आधी ओतलं तर साच्यात घट्ट होत नाही. १५ सेंटिमीटर चौरस साच्यात दोन सेंटिमीटर जाडीची वडी येते. रात्रभर झाकून ठेवल्यावर पोत आणखी मऊ होतो, म्हणून लगेच चव घेऊन निराश होऊ नका.

रवाळ झालंच तर टाकू नका. तुकडे पातेल्यात घाला, १५० मिली पाणी ओतून अगदी मंद आचेवर सगळी साखर परत विरघळवा आणि पुन्हा ११४ पर्यंत शिजवून तोच क्रम करा. चवीत थोडा फरक पडतो, पोत मात्र पूर्ण सुधारतो. मऊ राहिलेल्या फजलाही हाच उपाय. आणि हे घोटणं नकोच असेल तर ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि ५०० ग्रॅम डार्क चॉकलेट मंद आचेवर एकत्र वितळवून साच्यात थापा. तिथे पाक नाही, त्यामुळे कण धरण्याची भीती नाही. पोत मात्र चॉकलेटचा येतो, तोंडात ठेवताच भुगा होऊन विरघळणारं खरं फज ते नव्हे.

कॅरॅमलला घ्या: साखर २०० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज १६० ग्रॅम, पाणी ६० मिली, ३५ टक्के स्निग्धांशाचं क्रीम २४० मिली, लोणी ५५ ग्रॅम, मीठ अर्धा छोटा चमचा. क्रीम आणि लोणी बाजूला गरम करून ठेवा. साखर, ग्लुकोज, पाणी यांचा पाक मधासारखा सोनेरी होईपर्यंत चढवा, साधारण १६० अंश. मग गॅस बारीक करून गरम क्रीम तीन-चार वेळा थोडं थोडं ओता. जोरात फसफसतं, म्हणून पातेलं मोठं हवं आणि तोंड लांब. थंड क्रीम ओतलं तर पाक एकदम गोठून त्याचा गोळा होतो. तो पुन्हा वितळतो, पण वेळ जातो आणि तोवर बूड करपतं. नंतर मध्यम-मंद आचेवर सतत ढवळत ११९ पर्यंत न्या. इथे ढवळायला हरकत नाही, कारण ग्लुकोज आणि दुधातली प्रथिनं कण धरू देत नाहीत. कमी स्निग्धांशाचं क्रीम वापरलं तर शिजायला वेळ लागतो आणि फाटल्यासारखे कण दिसण्याची शक्यता वाढते.

कॅरॅमल कडक झालं तर तुकडे आणि चार-पाच मोठे चमचे क्रीम किंवा पाणी मंद आचेवर एकजीव करून परत ११८-११९ ला आणा. मऊ राहिलं तरी हेच. ही सगळ्यात दयाळू कँडी आहे. चार प्रकारांपैकी एकच नीट जमवायचा असेल तर मी हा निवडेन.

टॉफीत लोणी २२५ ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, पाणी ४५ मिली, लिक्विड ग्लुकोज एक मोठा चमचा, मीठ पाव छोटा चमचा. लोणी आणि पाक मुळात एकमेकांत मिसळणारे नव्हेत. सतत ढवळण्याने आणि लोण्यातल्या दुधाच्या घन भागामुळे ते एकत्र टिकतात. आच एकदम वाढली, एकदम कमी झाली, पातळ बुडाच्या पातेल्यात एका जागी जास्त तापलं किंवा मध्येच ढवळणं थांबलं, की तूप वर येतं. म्हणून लोणी आणि साखर दोन्ही मंद आचेवर बरोबरच वितळू द्या. लोणी आधी उकळून त्यात साखर घालू नका. उकळी आल्यावर मध्यम आच ठेवा, तिला परत हात लावू नका आणि आठचा आकडा काढल्यासारखं एका लयीत ढवळत राहा. साधारण १२-१५ मिनिटांत १४९ येतं आणि रंग भाजलेल्या बदामासारखा होतो. मार्गारिन किंवा 'लाइट' स्प्रेड घेऊ नका, स्प्रेडमध्ये तर पाणीही जास्त असतं.

शिजताना तूप सुटलेलं दिसलं तर आच कमी करा, पातेलं क्षणभर बाजूला घ्या आणि जोरात ढवळा. तेवढ्याने जमलं नाही तर एकेक मोठा चमचा कढत पाणी घालत ढवळा, फार तर तीन चमचे. वाफेचा झोत येतो, सांभाळून. एकजीव झालं की परत तापमान गाठा. ताटात ओतल्यावर तूप सुटलं असेल तर कागदाने टिपून घ्या. ती टॉफी खायला चांगलीच लागते, पण तिच्यावर चॉकलेट चिकटणार नाही. नीट जमलेल्या टॉफीवर ओतल्यानंतर दोन मिनिटांनी १५० ग्रॅम बारीक चिरलेलं चॉकलेट पसरा. पाच मिनिटांत ते वितळतं, उलथन्याने सारखं करा आणि १०० ग्रॅम भाजलेले बदाम भुरभुरवा. या पद्धतीत चॉकलेटवर काही दिवसांनी पांढुरके ठिपके येऊ शकतात. ते कोको बटरचे असतात, बुरशी नव्हे, पण भेट म्हणून बरे दिसत नाहीत.

ते नको असतील तर टॉफी पूर्ण निववा आणि चॉकलेट वेगळं टेंपर करून, म्हणजे ठरावीक अंशांना वितळवून, निववून आणि परत किंचित गरम करून, लावा. दोनतृतीयांश डार्क चॉकलेट ४५-५० अंशांपर्यंत वितळवा, उरलेलं एकतृतीयांश बारीक चिरून त्यात घाला, ढवळत २८ पर्यंत खाली आणा आणि परत ३१-३२ पर्यंत हलकं गरम करा. मिल्क चॉकलेटला शेवटचा आकडा २९-३०. भांडं, चमचा, हात सगळं कोरडं हवं. पाण्याचा एक थेंब पडला तर चॉकलेटमधली साखर ओली होऊन सगळं घट्ट गोळा होतं.

पेपरमिंटच्या गोळ्या: साखर ४०० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज २०० ग्रॅम, पाणी १२० मिली. विरघळवा, कडा धुवा, उकळी आल्यावर ढवळणं बंद. १५० ला उतरवून पातेल्याचं बूड तीन-चार सेकंद थंड पाण्यात टेकवा, म्हणजे तापमान पुढे पळत नाही. बुडबुडे बसले आणि पाक १३० च्या आसपास आला की पेपरमिंट तेल घाला. खाद्यदर्जाचं तेल असेल तर पाव छोट्या चमच्यापासून सुरुवात करा, ते फार उग्र असतं. अल्कोहोलमधला अर्क एवढ्या उष्णतेत बराचसा उडून जातो. घालताना चेहरा बाजूला ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते. तेल लावलेल्या सिलिकॉन साच्यात ओता, किंवा तेल लावलेल्या स्टीलच्या ताटात ओतून वाकण्याजोगं असतानाच तेलाच्या कात्रीने तुकडे करा.

लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, छत्रीच्या मुठीसारख्या वळवलेल्या काड्या यंदा सोडून द्या, असं माझं मत आहे. त्यासाठी गरम पाक ताणून ताणून त्यात हवा भरावी लागते, तेव्हा तो पांढरा रेशमी दिसतो. दोन रंगांचे पाक एकाच वेळी वळण्याजोगे ठेवावे लागतात. दोघांचे चार हात, सुती हातमोज्यांवर रबरी हातमोजे आणि जवळ ९० अंशांवर गरम ठेवलेला ओव्हन एवढी तयारी असेल तरच ते सुखाने होतं. साच्यातल्या गोळ्या तेवढ्याच छान लागतात.

गोळ्या चिकटण्याचं मोठं कारण हवा. कडक गोळीत पाणी एक-दोन टक्केच असतं, त्यामुळे ती भोवतालच्या हवेतून ओलावा ओढते आणि आधी तिचा पृष्ठभाग सादळतो. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी गोळ्या आणि टॉफी करू नका. पाऊस असेल तर बेत पुढे ढकला. शेजारच्या शेगडीवर दुसरं काही उकळत ठेवू नका, तीच वाफ तुमच्या गोळ्यांवर बसते. हात लावण्याइतक्या निवल्या की एकही तास उघड्या न ठेवता एकेक गोळी सेलोफेनमध्ये गुंडाळा आणि हवाबंद डब्यात भरा. फ्रिजमध्ये कधीच नको, बाहेर काढताच त्यांना घाम फुटतो. थोड्या चिकट झालेल्या गोळ्या पिठीसाखरेत घोळवल्या तर सुट्या होतात, पण तो तात्पुरता इलाज.

वीस डब्यांचा हिशोब. वरच्या प्रमाणात कॅरॅमल सुमारे ५०० ग्रॅम होतं. १५ सेंटिमीटरच्या साच्यात आठ पट्ट्या, प्रत्येकीचे पाच तुकडे, म्हणजे ४० तुकडे. डब्यात चार द्यायचे तर दोन घाणे. फज सुमारे ६०० ग्रॅम होतं, सहा बाय सात कापलं तर ४२ तुकडे, डब्यात दोन. टॉफी बदाम-चॉकलेट धरून साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास, डब्यात ३० ग्रॅमचे तुकडे. गोळ्या साडेपाचशे ग्रॅम, डब्यात सहा-सात. एकूण पाच घाणे, दर डबा साधारण एकशे चाळीस ग्रॅम. कॅरॅमलचे दोन घाणे वेगवेगळे करा, दुप्पट माल एकदम शिजवू नका. दुप्पट पाकाला शिजायला आणि निवायला किती वेळ लागेल ते पातेल्यावर ठरतं, आणि फजचा दुप्पट घाणा तर हाताने घोटवतच नाही.

वेळापत्रक टिकाऊपणावरून लावा. गोळ्या महिनाभर सहज टिकतात, म्हणून नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, जो कोरडा दिवस मिळेल त्या दिवशी. टॉफी आणि कॅरॅमल हवाबंद ठेवून दोन-तीन आठवडे चांगले राहतात, ते १० ते १५ डिसेंबरच्या दरम्यान. फज १८-२० तारखेला, ते दोन आठवड्यांपर्यंत चांगलं राहतं, पण पहिल्या आठवड्यात सर्वांत छान लागतं. एका दिवशी एकच प्रकार घ्या. दिवस वाचवायला टॉफी आणि फज एकाच संध्याकाळी करू गेलात तर टॉफी ढवळता ढवळता फजचा ४५ अंशांचा क्षण निघून जाईल.

करताना लहान मुलं आणि मांजरं स्वयंपाकघराबाहेर. १५० अंशांचा पाक कातडीला चिकटून राहतो आणि पाण्यापेक्षा फार खोल भाजतो. ओट्यावर गार पाण्याचं मोठं भांडं आधीच भरून ठेवा, हातावर पडला तर तत्क्षणी हात त्यात बुडवायचा. नंतर पातेलं खरवडू नका. त्यात पाणी भरून उकळवा, सगळी साखर आपोआप सुटते, चमचे आणि तापमापकही त्यातच टाका. फक्त काचेचा तापमापक गरम पाकातून थेट थंड पाण्यात घालू नका, तडकतो.

डबे २३ तारखेच्या आधी भरू नका. तोवर चारही प्रकार चार वेगळ्या हवाबंद डब्यांत ठेवा, कारण मऊ फजमधला ओलावा टॉफीकडे जातो आणि दोन्ही बिघडतात. पेपरमिंटचा वास तर सगळ्यांनाच लागतो, म्हणून गोळ्या भेटीच्या डब्यातही वेगळ्या पिशवीत बंद करून घाला. कॅरॅमलच्या प्रत्येक तुकड्याला १० बाय १२ सेंटिमीटरचा बटरपेपर लागतो, ८० कागद आदल्या दिवशीच कापून ठेवा. कापलेलं कॅरॅमल तासाभरातच बसू लागतं आणि तुकड्यांच्या कडा एकमेकांना चिकटतात. झाकणावर कँडीची नावं, केल्याची तारीख आणि दूध, बदाम वगैरे काय काय आहे ते स्पष्ट लिहा. ज्यांना सुक्यामेव्याची ॲलर्जी असेल त्यांच्यासाठी टॉफी वगळून, जागा भरायला कॅरॅमलचे दोन तुकडे जास्त घालून वेगळे डबे बांधा, आणि त्या डब्यांतला माल बदाम चिरायला घेण्याआधी, स्वच्छ भांड्यांत करून बाजूला काढा.